भोंगा वाजव म्हना

आमच्या घरात कोणी हळू बोलत नसे. बाबा वाशीमच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांच्या ओळीत उभं राहून त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि त्या घरघराटाने तिशीतच त्यांचे कान अर्धे गेले. उजवा जवळजवळ बंद, डावा जेमतेम. त्यामुळे मीठ मागायचं असो की कोणाच्या मयतीची खबर द्यायची असो, आम्ही सगळं एकाच आवाजात बोलायचो. शेजारच्या बायांना आमच्या घरात रोज भांडण चालतं असं वाटे. हंगामात बाबा संध्याकाळी परत येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुईचे तंतू अडकलेले असत. माय दारातच त्यांना उभं करून फडक्याने झटकायची, मग आत घ्यायची. चुलीवर ज्वारीची भाकर फुगलेली असायची, तव्यावर बेसन रटरटत असायचं, आणि पलीकडे छोट्या रुळांवरून पूर्णेकडे जाणारी गाडी शिटी द्यायची. ती शिटी बाबांना ऐकू येत नसे. फॅक्टरीचा भोंगा मात्र येई. तो ऐकून ते उठत आणि तो ऐकूनच जेवायला बसत.

मूळचे आम्ही किन्हीराजाचे. धम्म स्वीकारला तेव्हा मी मायच्या कडेवर होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांनी गावकीची कामं सोडली आणि वाशीमला येऊन फॅक्टरीच्या फाटकाशी उभे राहिले. आतल्या मिस्त्रीने नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं आणि त्यांना बाहेरच्या झाडलोटीला लावलं. पान्याला हात लावायला मिळाला तो पुढे बऱ्याच काळाने, यंत्र बंद पडलं आणि दुसरं कोणी हजर नव्हतं म्हणून. हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही, मायने सांगितलं. बाबा फक्त म्हणत, "शिक." मी शिकले. शिष्यवृत्तीवर अमरावतीला, मग नागपूरला गणितात एम.एस्सी. केलं आणि मुंबईच्या एका संशोधन संस्थेत, जिथे मोठं संगणकयंत्र होतं, तिथे तात्पुरत्या जागेवर लागले. जागा सहा-सहा महिन्यांनी वाढवून मिळे. बाबांना हे 'टेंपरवारी' अजिबात मान्य नव्हतं.

त्या यंत्राबद्दल आज सांगायला गेलं तर नातवंडं हसतात. हॉलभर कपाटं, आत थंड वारा, आणि आम्ही मात्र घाम पुसत आत शिरायचो, कारण काही बिघडलं तर खापर आपल्यावर फुटेल ही भीती. सुरुवातीला तिथेही भोकं पाडलेली कार्डं खिडकीतून आत द्यायची आणि उत्तर दुसऱ्या दिवशी घ्यायचं, असाच कारभार होता. यंत्र आणि माणूस एकमेकांची तोंडं बघत नसत. मग आणखी एक लहान यंत्र आलं आणि त्याला टेलिप्रिंटर जोडले गेले. पहिल्या दिवशी मी त्या टेलिप्रिंटरसमोर बसले, आपला नंबर टाइप केला, आणि कागदावर एक चांदणी उमटली. एवढंच. ओळीच्या सुरुवातीला एक छोटी चांदणी, आणि पुढे कोरी जागा. माझ्या शेजारी व्हिन्सेंट होता, वसईचा, माझ्याबरोबरच लागलेला. मी त्याला विचारलं, "आता?" तो म्हणाला, "आता काही नाही. ते तुझी वाट बघतंय." माझी बोटं तशीच कळांवर राहिली. कपाटाएवढं अख्खं यंत्र थांबलं होतं, मी काय म्हणते ते ऐकायला. त्या क्षणाइतकी मी नंतर कशानेच स्तब्ध झाले नाही, आणि आयुष्यात बरंच काही पाहिलं आहे.

ती चांदणी उमटवून वाट बघणारा, आपण टाइप केलेला हुकूम वाचून त्याप्रमाणे यंत्राकडून काम करून घेणारा आणि पुन्हा चांदणी देणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला आम्ही शेल म्हणायचो. यंत्राच्या अंगावरचं बाहेरचं कवच, म्हणून शेल. यंत्राबरोबर आलेलं शेल अगदी मुकं होतं. दहा-बारा हुकूम ओळखायचं आणि बाकी कशालाही प्रश्नचिन्ह द्यायचं. आमच्या सरांनी व्हिन्सेंटला आणि मला ते नव्याने लिहायला दिलं. व्हिन्सेंटने हुकूम वाचण्याची बाजू घेतली. माझ्या वाट्याला आलं ते मला अजूनही विलक्षण वाटतं: माणसाने शेलला नवा शब्द शिकवायचा. हा शब्द म्हणजे ही ही कामं, या क्रमाने. एकदा शिकवलं की तो शब्द त्या यंत्राचा झाला. मग त्या शब्दावरून आणखी मोठा शब्द. याला अंत नव्हता. संध्याकाळी वसतिगृहावर परतताना मी बसमध्ये डोळे मिटून बसायचे आणि यंत्राला काय काय शिकवता येईल याने मला गरगरायला व्हायचं.

पण ते चालत नव्हतं. एकटा नवा शब्द चाले. नव्या शब्दाच्या पोटात दुसरा नवा शब्द घातला की सगळं ठप्प. चांदणी परत येतच नसे. माझ्याच नव्हे, हॉलमधल्या प्रत्येक टेलिप्रिंटरवर सन्नाटा, आणि मग चारही बाजूंनी माना माझ्याकडे वळत. यंत्रावर हक्क सांगणारे पुष्कळ होते. हे बसून गप्पा मारायचे लाड बंद करून हे यंत्रही कार्डांच्या कामाला लावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याचा निकाल लावायला बाहेरून काही मोठी मंडळी प्रात्यक्षिक बघायला येणार होती. ते जवळ आलं असताना वाशीमहून तार आली की मायला मुदतीचा ताप आहे. मी प्रोग्रॅमच्या छापील कागदाची गुंडाळी पिशवीत टाकली आणि त्या रात्रीच्या गाडीत बसले.

माय फार उतरली होती. ताप गेला होता पण अंगात काही उरलं नव्हतं. मी मुगाचं पाणी, भाताची पेज करायचे आणि ती तोंड फिरवून ठेचा मागायची. दुपारी तिची बाज अंगणात उन्हाला ओढून घ्यायची आणि मी शेजारी गोधडीवर कागदाची गुंडाळी पसरून बसायचे. बाबा जेवायला आले की कागदाकडे बघायचे आणि तोच विषय काढायचे. इथल्या एका शाळेत गणिताच्या मास्तरीणबाईची जागा निघाली होती, आणि मुख्याध्यापक बाबांना ओळखत होते.

"पक्की जागा हाये," बाबा म्हणाले. "मायजवळ राह्यशीन. तिकडं काय हाये? सा महिने झाले की पुन्हा हात जोडा."

"तिकडं काम हाये, बाबा."

"कोनतं काम? नाव तं सांग."

"शेल."

"म्हंजे काय?"

मला चटकन दुसरा शब्द सुचला नाही. "टरफल," मी म्हटलं.

बाबांनी मायकडे पाहिलं. "आयकलं का? पोट्टी एम.एस्सी. झाली अन् मुंबईत टरफलं बनवून राह्यली."

माय किती दिवसांनी हसली. मीही हसले, पण त्या रात्री मला झोप आली नाही. मुख्याध्यापकांना आठवड्याअखेर होकार कळवायचा, असं बाबांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मायला बोलतं ठेवायला मी तिला एक खेळ शिकवला. मी एक काम सांगायचं, तिने त्या कामाच्या आतली कामं सांगायची. "स्वयंपाक कर," मी म्हटलं. ती उत्साहाने सांगू लागली, आधी चूल पेटवाची, मंग पीठ घ्याचं, मंग भाकर थापाची. मी अडवून विचारलं, भाकर थापाची म्हंजे काय काय कराचं? ती त्यात शिरली. पाणी कसं घ्यावं, पीठ कसं मळावं. मी पुन्हा अडवलं, पीठ मळाचं म्हंजे? ती त्याच्या आत गेली. तेवढ्यात शेजारची बाई ताक घेऊन आली, तिच्याशी चार गोष्टी झाल्या. ती गेल्यावर माय माझ्याकडे वळून म्हणाली, "मी कुठी होती वं?"

"पीठ मळत होती."

"ते नाई. त्याच्याआंधी कुठी होती?"

मी उत्तर देणार होते, आणि माझं लक्ष समोर पसरलेल्या कागदावर गेलं. आतल्या कामाला जाताना आपण कुठे होतो ती खूण शेल एका कप्प्यात ठेवत असे, काम आटोपल्यावर तिथे परतता यावं म्हणून. तो कप्पा मी एकच दिला होता. आत आणखी एक नवा शब्द आला की पहिली खूण पुसून तिथे दुसरी बसे. मग शेल परतताना भलत्याच ठिकाणी येई आणि त्याच दोन कामांमध्ये फिरत राही. एक कप्पा नको, कप्प्यावर कप्पा हवा होता. ताटावर ताट रचावं तशा खुणा रचायच्या आणि वरून एकेक उचलत परत यायचं. मी किती वेळ कागदावर वाकून होते ठाऊक नाही. मायने दोनदा हाक मारली असं ती नंतर म्हणाली. ऊन उतरेपर्यंत मी बदल लिहून काढला. अगदी थोडा होता, यंत्राच्या आकड्यांत जेमतेम पंधरावीस. आणि प्रात्यक्षिक होतं दोन दिवसांवर. मायला टाकून निघणं शक्य नव्हतं, निघालेही असते तरी पोचून, बदल चढवून, तो तपासून होणं कठीण होतं.

म्हणून सकाळी मी तारघरात जाऊन मुंबईला अर्जंट ट्रंक कॉल लावला. बाबांची त्या दिवशी दुसरी पाळी होती. ते सोबत आले, बहुधा मुख्याध्यापकांकडे जाता येईल म्हणून. तारघर म्हणजे पोस्टाचीच एक खोली, लाकडी कठडा, भिंतीवर गोल घड्याळ, आणि दाराआड टेलिफोनच्या ऑपरेटर बाई. त्यांचा आवाज सगळ्या वाशीमला ठाऊक होता, चेहरा फार थोड्यांना. आमच्या आधी एक कापसाचे व्यापारी अकोल्याच्या कॉलसाठी ताटकळत बसले होते आणि दर थोड्या वेळाने सुस्कारा सोडत होते. बराच वेळ गेला. मग फोनच्या खोक्यातली घंटा वाजली आणि मी रिसीव्हर उचलला.

व्हिन्सेंटचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. मी ओरडून सांगितलं की दोष सापडलाय, सगळा प्रोग्रॅम नव्याने चढवायला वेळ नाही, आकडे थेट यंत्राच्या स्मृतीत बदल. तो म्हणाला, "सांग." मी सांगू लागले. "तीन, सात, शून्य, दोन. त्याच्या खाली पाच, शून्य, एक, सहा." प्रत्येक आकडा मी आमच्या घरच्या आवाजात सांगत होते आणि तो तिकडून परत वाचून दाखवत होता. मध्येच ऑपरेटर बाई आल्या, "तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?" मी हो म्हटलं. पुन्हा आल्या, पुन्हा वाढवला. व्यापारी उठून कठड्याशी आले. "बाई, हा कोनचा भाव सांगून राह्यल्या तुमी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली आणि आकडे चालू ठेवले. त्यानंतर ऑपरेटर बाईंचा आवाज आला नाही. त्या लाइनवरच होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. पण मिनिटं सांगायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

"घातले," व्हिन्सेंट म्हणाला. "शेल सुरू करतो." थोडी खरखर झाली. "चांदणी आली. हे ऐक." त्याने रिसीव्हर टेलिप्रिंटरजवळ धरला आणि एक हुकूम टाइप केला. इतक्या लांबून, वाशीमच्या तारघरात, यंत्राचा तो खडखडाट माझ्या कानात उतरला. मला काय झालं कोण जाणे, मी रिसीव्हर बाबांच्या डाव्या कानाला लावला.

बाबांना फोनवरचं बोलणं कधीच कळत नसे, म्हणून ते फोनला हातही लावत नसत. आता ते कान देऊन उभे राहिले. चेहऱ्यावरची रेघन् रेघ थांबली. "आयकू येते," ते म्हणाले. "कोन होये?"

"यंत्र हाये, बाबा. कामाचं इचारून राह्यलं. बोला, काय करू, म्हनते."

"कोनाले म्हनते?"

"जो समोर बसन त्याले."

"नाव इचारते?"

"नंबर इचारते फक्त."

"आडनाव?"

"नाई."

बाबांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा त्याच कानाला लावला. मग म्हणाले, "मराठी समजते त्याले?"

"आपुन शिकोलं तं समजते. तेच तं माझं काम हाये. एक शब्द सांगा."

बाबा घड्याळाकडे बघत होते. "किती वाजले ते सांग म्हना," ते म्हणाले. मी रिसीव्हर घेऊन व्हिन्सेंटला सांगितलं, नवा शब्द कर, 'सांग', त्याचा अर्थ वेळ छापणं. त्याने अक्षरं विचारली, इंग्रजी लिपीतली, मी सांगितली. खडखड झाली आणि व्हिन्सेंटने कागदावरची वेळ वाचून दाखवली. मी ती मोठ्याने म्हटली. वाशीमचं घड्याळ चांगलंच मागे होतं. पोस्टातला कारकून मुकाट्याने उठला, स्टुलावर चढला आणि त्याने काटा पुढे सरकवला.

"आता?" मी बाबांना विचारलं.

"आता भोंगा वाजव म्हना. भोंगा वाजवाचा अन् मंग टाइम सांगाचा. फ्याक्टरीसारखं."

टेलिप्रिंटरला घंटी असते, ती वाजवता येत होती, त्याचा प्रश्न नव्हता. पण भोंगा या नव्या शब्दाच्या पोटात सांग हा नवा शब्द येणार होता, आणि नेमक्या याच ठिकाणी आजवर सगळं ठप्प झालं होतं. दुसरा एखादा शब्द मागायला सांगावं, असं मनात येऊन गेलं. पण बाबा वाट बघत होते. मी व्हिन्सेंटला शब्द सांगितला. त्यालाही कळलं. तो म्हणाला, "शिकवू? नक्की?" मी म्हटलं, शिकव. त्याने शिकवला, मग तो शब्द टाइप केला. मी रिसीव्हर बाबांच्या कानाला लावला आणि माझा कान त्याला बाहेरून चिकटवला.

काहीच आलं नाही. लाइनची सरसर, बस. ती शांतता मला चांगली ओळखीची होती. माझ्या डोळ्यांपुढे तो हॉल आला, वळलेल्या माना आल्या, आणि इथल्या शाळेचा फळाही आला. मग घंटी वाजली. बारीक, स्वच्छ, एकदा. पाठोपाठ खडखडाट, आणि पुढे एक अगदी एकटा ठोका, जो फक्त मला समजला. ती परत आलेली चांदणी होती.

"वाजला," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही हे मी बघितलं नाही. तिकडे व्हिन्सेंट काहीतरी ओरडत होता. दारातून एक किरकोळ बांध्याची, जाड चष्म्याची बाई बाहेर आली. त्या ऑपरेटर बाई होत्या. खुर्ची सोडून बाहेर आलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तिकडे खरंच माणूस नव्हता?" मी म्हटलं, माणूस होता, पण उत्तर यंत्राने दिलं. त्या "अस्सं" म्हणाल्या आणि व्यापाऱ्यांचा अकोल्याचा कॉल जोडायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी व्हिन्सेंटने पाहुण्यांपुढे शेल चालवलं आणि ते एकदाही अडलं नाही, हे मला मागाहून कळलं. आज मी फोनला तोंडाने विचारते आणि तो तोंडाने उत्तर देतो. नातवंडांना त्यात नवल वाटत नाही, मलाही रोज वाटतं असं नाही. पण कधी कधी उत्तर यायला क्षणभर उशीर होतो, आणि तेवढ्या क्षणात मी अजून तारघरात असते.

आम्ही घराकडे निघालो. मुख्याध्यापकांच्या घराकडे जाणारा रस्ता डावीकडे वळत होता. बाबा वळले नाहीत. ऊन चढलं होतं, कापसाच्या गाड्या फॅक्टरीच्या दिशेने चालल्या होत्या, आणि बाबा हात मागे बांधून माझ्या पुढे चार पावलं चालत होते. फॅक्टरीच्या फाटकाशी आल्यावर ते थांबले.

"त्याले अजून किती शब्द शिकवाचे राह्यले?" त्यांनी विचारलं.

"लय राह्यले, बाबा."

"मंग इथं कायले बसली?" ते म्हणाले. "मायचं मी पाहीन." आणि मान खाली घालून ते आत गेले.